सुजेचा जमाखर्च

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

डोंबिवलीत दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या डॉक्टरच्या टेबलावर रोज जे कागद येतात, त्यांत सर्वांत जास्त असतात ते रक्ताचे रिपोर्ट. हल्ली तर कागदही येत नाही. रिपोर्ट मोबाइलवर आलेला असतो आणि तो घरच्यांनी आधीच वाचलेला असतो. रुग्ण खुर्चीवर टेकायच्या आतच सांगतो, "डॉक्टर, न्यूट्रोफिल ब्याऐंशी आल्यात. म्हणजे इन्फेक्शन आहे. अँटिबायोटिक लिहून द्या." आकडा ठळक छापलेला असतो, शेजारी वर जाणारा बाण असतो. बाण दिसला की माणूस घाबरतो.

या न्यूट्रोफिल आहेत तरी कोण, त्या वाढतात म्हणजे काय होतं, आणि आपल्याच रक्षणासाठी जन्मलेल्या या पेशी आपल्याच अंगाला कशा जाळतात, याविषयी आज आपल्याशी बोलणार आहे. ओघात माझ्या हातून झालेली एक चूकही सांगणार आहे.

सुरुवात घरातल्या शब्दांपासून करू. पायाला काटा रुततो. दुसऱ्या दिवशी जागा लाल होते, तापते, सुजते, ठणकते. मग आई किंवा आजी म्हणते, "पिकतंय गं, पोटीस बांध." गळू 'पिकतं' किंवा 'बसतं', असं आपण सहज म्हणतो. हा शब्दप्रयोग फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत सुजेच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्ची, पिकत असलेली आणि पिकलेली. पक्व अवस्थेत जो पू येतो, तो कशाचा बनलेला असतो? मुख्यतः मेलेल्या न्यूट्रोफिल पेशींचा. ज्याला आपण घाण म्हणून पुसून टाकतो, ते खरं म्हणजे लढाईत कामी आलेलं सैन्य असतं.

या सैन्याची संख्या ऐकून आपल्याला नवल वाटेल. निरोगी प्रौढ माणसाच्या हाडांतल्या मगजात रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार होतात. एक पेशी घडायला दोन आठवड्यांच्या आसपास वेळ लागतो. रक्तात आल्यावर मात्र ती काही तास, फार तर एखाददोन दिवस जगते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी साधारण ४० ते ७५ टक्के याच असतात. सूक्ष्मदर्शकाखाली हिचं केंद्रक तीन ते पाच पाकळ्यांत विभागलेलं दिसतं. जर्मन शास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८० च्या सुमारास रक्ताला वेगवेगळे रंग देऊन पाहिले. आम्ल रंग घेणाऱ्या पेशी वेगळ्या, अल्कली रंग घेणाऱ्या वेगळ्या. ही पेशी उदासीन रंग घेते, म्हणून ती 'न्यूट्रोफिल'. नाव उदासीन असलं तरी स्वभाव अजिबात तसा नाही.

रक्तातल्या पेशी जंतूंना खातात, ही कल्पना मांडली ती एल्या मेचनिकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाने. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत एक बारीक काटा टोचून ठेवला. सकाळी पाहतो तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा घोळका जमलेला. काटा रुतल्यावर आपल्या पायात जे होतं, तेच त्याने डोळ्यांनी पाहिलं. १९०८ चं नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि एर्लिख यांना विभागून मिळालं.

या मेचनिकॉफचा ओडेसातला एक विद्यार्थी आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. त्याचं नाव वॉल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पाठोपाठ ठाणे, कल्याण या रेल्वेमार्गावरच्या गावांत पसरला. त्या वेळी हाफकिन मुंबईत आले, त्यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. प्लेगमध्ये जांघेत किंवा काखेत गाठ येते. त्या गाठीत न्यूट्रोफिलची गर्दी असते, तरी रोगी दगावतो. असं का, याचं उत्तर शंभरएक वर्षांनी मिळालं. प्लेगचा जंतू अगदी बारीक सुईसारख्या अवयवाने आपली प्रथिनं थेट या भक्षक पेशींत टोचतो आणि त्यांना निकामी करतो. सैन्य हजर असतं, पण त्याच्या हातातली हत्यारं गळून पडलेली असतात.

आता ही पेशी कामाला कशी लागते ते पाहू. रक्तातून वाहताना न्यूट्रोफिल शांत असते. जखमेजवळच्या पेशी रासायनिक हाकाटी करतात. ती ऐकून जवळच्या बारीक रक्तवाहिनीचं अस्तर आपल्या पृष्ठभागावर जणू हातकड्या बाहेर काढतं. रक्ताचा वेग मोठा, त्यातून थांबायचं कसं? चालत्या लोकलमधून फलाटावर उतरणारा माणूस आपण पाहिला असेल. असं कुणी उतरू नये, पण उतरणारा एकदम थांबत नाही. चार पावलं गाडीबरोबर धावतो, वेग कमी करतो आणि मग थांबतो. न्यूट्रोफिलही तसंच करते. आधी भिंतीला अलगद चिकटत, सुटत, घरंगळत जाते. मग तिच्या अंगावरचे दुसरे, बळकट आकडे उघडतात आणि ती घट्ट बसते. त्यानंतर अस्तराच्या फटीतून अंग आक्रसून बाहेर पडते आणि वासाच्या मागावर जावं तशी जखमेकडे सरकते.

ही पहिली अलगद पकड किती मोलाची आहे, हे समजायला पुन्हा मुंबईचाच दाखला उपयोगी पडतो. १९५२ साली डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक दुर्मिळ रक्तगट शोधला. जगभर तो 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणून ओळखला जातो. या लोकांच्या तांबड्या पेशींवर फ्यूकोज नावाच्या साखरेची एक विशिष्ट जोडणी नसते. ही माणसं एरवी पूर्ण निरोगी असतात, अडचण येते ती फक्त रक्त मिळवण्याची. पुढे १९९२ साली इस्रायलमधल्या डॉक्टरांनी दोन मुलांची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होत, रक्तात न्यूट्रोफिल भरमसाट असत, पण जखमेत पू म्हणून धरत नसे. त्यांचा रक्तगट निघाला बॉम्बे. फरक असा की, त्यांच्या शरीरात फ्यूकोज कुठेच नीट वापरली जात नव्हती. न्यूट्रोफिलच्या अंगावर पहिली पकड घेणारी जी साखर लागते, तिच्यातही फ्यूकोज असते. ती नसल्याने सैन्य नुसतं रक्तातून वाहत राही, उतरत नसे. पू न येणं ही कधी कधी भाग्याची गोष्ट नसते, हे त्या मुलांनी वैद्यकाला शिकवलं.

जखमेपाशी पोचल्यावर न्यूट्रोफिल जंतूला वेढून गिळते. गिळल्यावर ती अचानक भरपूर प्राणवायू ओढून घेते आणि त्यापासून तिखट रसायनं बनवते. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड, मग त्यात मीठातला क्लोरिन घालून हायपोक्लोरस आम्ल. हे आम्ल कुठे भेटतं? ब्लीचिंग पावडरीत. पुरानंतर पालिकेचे लोक विहिरीत जे टाकतात, त्याच जातीचं जंतुनाशक आपल्या अंगातली एक पेशी तयार करते. हे काम करणाऱ्या विकराचा रंग हिरवट असतो, म्हणून पुवाला आणि जुनाट सर्दीच्या शेंबडाला हिरवी झाक येते. तेव्हा, कफ हिरवा झाला की अँटिबायोटिक हवंच, हा समज चुकीचा आहे. तो रंग जंतूचा नाही, आपल्याच पेशींचा आहे. विषाणूच्या साध्या सर्दीतही तो येतो.

काही मुलं ही प्राणवायूची भट्टी बिघडलेल्या स्थितीत जन्माला येतात. त्यांच्या पेशी जंतू गिळतात, पण मारू शकत नाहीत. यकृतात, फुप्फुसात, गाठींत गळवं होत राहतात. परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत अशा मुलांच्या आजाराचं निदान होतं. एखाद्या बाळाला वारंवार मोठी गळवं होत असतील, तर "उष्णता आहे" म्हणून सोडून देऊ नका, एवढं यातून लक्षात ठेवलं तरी पुरे.

न्यूट्रोफिलकडे आणखी एक हत्यार आहे. ते २००४ साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं. ही पेशी प्रसंगी आपल्या केंद्रकातला डीएनएचा गुंडा उलगडून बाहेर फेकते. त्याचं चिकट जाळं होतं. जाळ्याला जंतुनाशक प्रथिनं चिकटलेली असतात. कोळ्याने खाडीत जाळं टाकावं तसं हे जंतू पकडतं. पण याच जाळ्यात रक्त अडकून गुठळ्याही होतात.

इथून जमाखर्चाची दुसरी बाजू सुरू होते. ब्लीचला जंतू कोणता आणि आपलं मांस कोणतं हे कळत नाही. न्यूट्रोफिलच्या कणांत इलास्टेज नावाचं एक विकर असतं. फुप्फुसाला फुग्यासारखी लवचीकता देणारे तंतू ते चावून टाकतं. त्याला आवर घालायला रक्तात एक संरक्षक प्रथिन असतं. सिगारेटचा धूर दोन्हीकडून घात करतो. तो न्यूट्रोफिलना फुप्फुसात बोलावतो आणि त्या संरक्षक प्रथिनाला निकामी करतो. वीस-पंचवीस वर्षं ओढणाऱ्याला जिन्याची दहा पावलं चढताना धाप लागते, त्यामागे हा हिशेब आहे. आपण म्हणतो, कुंपणच शेत खातं. ते हेच.

आणि कुंपणाला चिथावण्यासाठी दरवेळी जंतूच लागतो असंही नाही. जंतूंची प्रथिनं एका खास खुणेने सुरू होतात आणि न्यूट्रोफिल ती खूण ओळखते. पण आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत ऊर्जा तयार करणारी तंतुकणिका असते. ती मुळात कोट्यवधी वर्षांपूर्वी पेशीत वस्तीला आलेल्या जंतूचीच वंशज. तिच्या प्रथिनांवर तीच खूण असते. रेल्वे अपघातात एखाद्याची मांडी चिरडली, हजारो पेशी फुटल्या, की या खुणा रक्तात उतरतात. जखमेत जंतूचा पत्ता नसताना शरीर समजतं, हल्ला झाला. सैन्य जागं होतं आणि फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकून तिथेच हत्यारं चालवतं. मांडी मोडलेला तरुण तिसऱ्या दिवशी श्वासाने का अत्यवस्थ होतो, याचं एक कारण हे आहे. गाऊटमध्येही असंच. युरिक आम्लाचा स्फटिक हा जंतू नव्हे, पण न्यूट्रोफिल त्याला गिळायला धावतात आणि मध्यरात्री अंगठा पेटतो. त्यावर दिलं जाणारं कोल्चिसिन हे जुनं औषध मुख्यतः या पेशींच्या हालचालींनाच लगाम घालतं.

श्रोतेहो, हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी पाहिलं ते २०२० आणि २०२१ मध्ये. आमच्या डोंबिवलीत क्रीडासंकुलात खाटा लागल्या होत्या. घराघरांत ऑक्सिमीटर आला होता. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट यांचं गुणोत्तर काढायला लोक शिकले होते. कोविडच्या गंभीर रुग्णांत विषाणू उतरणीला लागल्यावरही फुप्फुस बिघडत जाई, कारण आता तिथे आपलंच सैन्य धुमाकूळ घालत असे. न्यूट्रोफिलची ती जाळी फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतल्या गुठळ्यांत सापडली.

१६ जून २०२० रोजी ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष जाहीर झाला. डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी करतं. नुसत्या प्राणवायूवर असलेल्यांनाही फायदा होतो. पण ज्यांना प्राणवायूची गरजच नाही, त्यांना फायदा दिसला नाही. अपाय होण्याची शक्यता मात्र नाकारता आली नाही. पहिली दोन वाक्यं सगळीकडे पोचली. तिसरं वाटेतच राहिलं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये माझ्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांना ताप आला. मधुमेह जुना. तिसरा दिवस, प्राणवायू ९७. मुलाने रात्री फोन केला. कुणीतरी पाठवलेलं एक प्रिस्क्रिप्शन मोबाइलवर फिरत होतं, त्यात स्टिरॉइडच्या गोळ्या होत्या. "डॉक्टर, सुरू करू का? सगळेच घेतायत." त्या दिवशी मी किती फोन घेतले होते, सांगता येणार नाही. मी म्हणालो, "आत्ता गरज दिसत नाही, उद्या बघू." दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला नाही आणि मीही केला नाही. 'नको' हा दोन अक्षरी शब्द मी उच्चारला नव्हता. त्यांनी गोळ्या सुरू केल्या होत्या.

ताप उतरला, माणूस बरा झाला असं घरच्यांना वाटलं. साखर मात्र चारशेच्या पुढे गेली होती आणि ती कुणी तपासली नव्हती. दोन आठवड्यांनी त्यांचा उजवा गाल बधिर झाला, डोळा सुजला. म्युकरमायकोसिस. ही बुरशी आपल्या आजूबाजूला, कुजक्या पाल्यात, शिळ्या पावावर कायम असते. रोज तिचे बीजाणू श्वासातून आत जातात आणि रोज त्यांना थोपवणाऱ्या पेशींत न्यूट्रोफिल पुढे असतात. वाढलेल्या साखरेने या पेशी सुस्तावतात. स्टिरॉइड त्यांना रक्तात फिरतं ठेवतं, जखमेत उतरू देत नाही. गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, त्यांच्या रिपोर्टात न्यूट्रोफिल ८८ टक्के होत्या. भरपूर सैन्य होतं, पण सीमेवर कुणीच नव्हतं. शस्त्रक्रिया झाली, जीव वाचला, डोळा गेला.

ते आजही माझ्याकडे येतात. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. एकदा मात्र जुन्या फाइलमधला तो रिपोर्ट काढून म्हणाले, "एवढ्या वाढल्या होत्या, मग लढल्या का नाहीत?" आजचं हे भाषण म्हणजे त्यांच्या त्या प्रश्नाला मी दिलेलं लांबलेलं उत्तर आहे.

म्हणून रिपोर्टातल्या त्या बाणाविषयी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. रक्तातल्या न्यूट्रोफिलपैकी जवळजवळ निम्म्या वाहिन्यांच्या भिंतींना टेकून असतात. त्या मोजणीत येत नाहीत. जिने धावत चढलात, घाबरलात, स्टिरॉइड घेतलंत, की त्या सुटून प्रवाहात येतात आणि जंतू नसताना आकडा वाढतो. गरोदरपणातही तो वाढलेला असतो. त्यामुळे नुसत्या आकड्यावर अँटिबायोटिक मागू नका. पावसाळ्यात मात्र हाच आकडा आम्हाला वाट दाखवतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर लेप्टोचे रुग्ण पाहिलेल्या आमच्या पिढीला हे पाठ आहे. डेंगीत पांढऱ्या पेशी बहुधा घटतात, लेप्टोत न्यूट्रोफिल बहुधा वाढतात. पुराच्या पाण्यातून चालत गेलेला माणूस तापाने आला, पोटऱ्या दुखत असल्या आणि न्यूट्रोफिल वाढलेल्या असल्या, तर पुढच्या तपासणीच्या रिपोर्टची वाट न पाहता औषध सुरू करावं लागतं. पाण्यातून चालल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

दुसरं, वाढलेल्या आकड्यापेक्षा घटलेल्या आकड्याला जास्त भ्या. केमोथेरपीसाठी ठाण्या-कल्याणहून परळला खेपा घालणारी कितीतरी कुटुंबं हे ऐकत असतील. केमोनंतरच्या दिवसांत न्यूट्रोफिल एका घनमिलिमीटरमध्ये ५०० च्या खाली गेल्या आणि ताप आला, तर ती तातडीची वेळ आहे. अशा रुग्णाला पू होत नाही, सूज येत नाही, कारण ती करणारेच नसतात. ताप हीच एकमेव खूण. सकाळपर्यंत थांबू नका, पॅरासिटामॉल देऊन झोपवू नका.

तिसरं, मधुमेह असेल तर पायाकडे रोज पाहा आणि साखर आटोक्यात ठेवा. साखर उतरली की याच पेशी पुन्हा नीट काम करू लागतात. त्यांच्यासाठी वेगळं टॉनिक नसतं.

आणि शेवटचं. सूज मुळात वाईट नाही. काम झाल्यावर न्यूट्रोफिल स्वतःहून मरते, सफाई करणाऱ्या मोठ्या पेशी तिला गिळतात आणि त्याच पेशी सूज उतरवण्याचा इशारा देतात. सैन्याने यावं, लढावं आणि वेळेवर परत जावं, ही निरोगी शरीराची रीत. ते कधी थोपवायचं आणि कधी लढू द्यायचं, एवढाच प्रश्न असतो. त्याचं उत्तर गोळीच्या पाकिटावर लिहिलेलं नसतं आणि फिरत्या प्रिस्क्रिप्शनवर तर नसतंच.

हल्ली रात्री फोन आला आणि उत्तर 'नको' असलं, तर मी तो शब्द स्पष्ट उच्चारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनही करतो.